आमचे पूर्वज कोणत्या घाटानं उतरले?

चिपळूणजवळच्या एका गावातून मला असा प्रश्न आला आहे: ‘घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की आपण घाटावरून खाली आलो. कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. पण नेमके कोणत्या वाटेनं आलो? आणि मुळात सह्याद्री ओलांडून सुरुवातीला वस्तीला आलेली माणसं कुठल्या वाटांनी उतरली असतील?’

सत्तावीस वर्षं मी घाटवाटा चालतो आणि त्यांच्या नोंदी ठेवतो. हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एकच चित्र असतं. एक तारीख, एक वाट, डोक्यावर गाठोडी घेतलेला माणसांचा जथा, आणि मग कायमची वस्ती. सगळ्यात आधी हे चित्र बाजूला ठेवा. सह्याद्री एकदाच ओलांडून कोणी बसलं, असं फार थोड्या घराण्यांच्या बाबतीत घडलं असावं. माणसं हा डोंगर दरवर्षी ओलांडत होती, दिवाळीनंतर खाली आणि पावसाआधी वर. असं कित्येक पिढ्या चाललं. मग एखाद्या वर्षी कोणीतरी वर परत गेलंच नाही. वस्ती झाली ती तिथं. वाट त्याच्या आधीच पक्की होती.

‘पहिले’ हा शब्दही जपून वापरा. कोकण रिकामं नव्हतं. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, जी कातळशिल्पं आहेत, ती कोरणारी माणसं शेतीच्या आणि गावांच्या कितीतरी आधीची मानली जातात. घाटावरून शेतकरी उतरला तेव्हा खाली कोणी ना कोणी होतंच. काही माणसं समुद्रानं आली. तेव्हा आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ती एका दिशेनं आलेली, बऱ्याच नंतरची माणसं आहेत.

आता डोंगराकडे बघू. सह्याद्री दोन्ही बाजूंनी सारखा नाही. पश्चिमेला तो एकदम तुटतो, सहाशे-आठशे मीटरचा कडा, आणि पूर्वेला हळूहळू पठारात मिसळतो. भीमा, कृष्णा, गोदावरी आणि त्यांना मिळणाऱ्या नद्या माथ्यावर उगम पावून पूर्वेला जातात. त्यामुळे देशावरून येणाऱ्या माणसाला घाट चढावा लागत नाही. तो नदीकाठानं उगमाकडे चालत राहतो, खोरं अरुंद होत जातं, भात दिसू लागतो, आणि एका सकाळी पुढची जमीन संपलेली असते. कुकडीच्या काठानं चालत जा, जुन्नर लागेल, मग कुकडेश्वर, मग नाणेघाट. इंद्रायणीच्या काठानं गेलात तर कार्ले, भाजे, लोणावळा आणि बोरघाट. नीरेनं भोर आणि वरंधा. कोयनेनं कराड, पाटण, हेळवाक आणि कुंभार्ली.

खालच्या बाजूलाही असाच नियम आहे, आणि तो लक्षात आला की नकाशा बोलायला लागतो. कोकणातल्या खाड्यांमध्ये भरतीचं पाणी जिथपर्यंत चढतं तिथपर्यंत गलबत किंवा होडी येते. त्यापुढे माल बैलाच्या पाठीवर जातो. म्हणून भरती संपते त्या टोकाला बाजारपेठ वसते: उल्हासवर कल्याण, सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूण, पुढे दक्षिणेला राजापूर आणि खारेपाटण. आता वरची आणि खालची गावं जोडून बघा. जुन्नर-कल्याण, भोर-महाड, कराड-चिपळूण, कोल्हापूर-राजापूर. मी यांना जोडगावं म्हणतो. मोठी घाटवाट म्हणजे अशा दोन गावांमधला दुवा. एखादं कुटुंब कुठून कुठं गेलं हे शोधताना माझा पहिला प्रश्न असतो, तुमच्या गावाची जुनी बाजारपेठ कोणती, आणि तिची वरची जोडीदार कोण.

या वाटा किती जुन्या? नाणेघाटाची साक्ष सगळ्यात सरळ आहे. घाटाच्या तोंडाशी कातळात खोदलेली खोली आहे, तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. यज्ञांमध्ये दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं (त्या काळची नाणी) यांचे आकडे त्यात आहेत आणि भारतात सापडलेल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांमध्ये त्यांची गणना होते. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता नावं आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. मला त्या लेखापेक्षा त्याची जागा जास्त सांगते. राजघराण्यानं आपली ओळख राजधानीत कोरली नाही, जिथून रोज शेकडो परकी माणसं जातात त्या खिंडीत कोरली. म्हणजे तेव्हाच ही वाट गजबजलेली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत पैठण हे गुजरातेतल्या भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आजचं तेर, त्याच्याही पूर्वेला दहा दिवसांवर सांगितलं आहे. त्यात सोपारा आणि कल्याणचाही उल्लेख येतो. अंतर मोजायचं ते दिवसांत. घाटातली माणसं आजही तसंच मोजतात.

नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या आणि सोपारा, गोवर्धन वगैरे ठिकाणी प्रवाशांसाठी निवारे बांधले, असं त्यात म्हटलं आहे. हे वाचताना मला नेहमी वाटतं की दान कशाचं केलं यावरून अडचण कुठं होती ते कळतं. नदी अडवत होती, रात्रीचा निवारा अडवत होता. कडा कोणाला अडवत नव्हता.

आता प्रत्यक्ष वाट कशी ओळखायची ते सांगतो, कारण याच बाबतीत सगळ्यात जास्त चुका होतात. नकाशावर जी घळ सरळ माथ्यापर्यंत जाते ती जुनी वाट असणार, असं लोक धरून चालतात. आमच्याकडे तिला नाळ म्हणतात. नाळेतून माणूस जातो, शेळी जाते, पण गोणी लादलेला बैल जात नाही. तिथं दरवर्षी पावसात दगड वाहून येतात आणि पायवाट दरवर्षी नव्यानं शोधावी लागते. बैल जातो तो दांडावरून, म्हणजे कड्यातून खाली उतरलेल्या सोंडेवरून. दांड लांब पडतो, वळणं घेतो, पण त्यावर दगड कोसळत नाही आणि पाणी साचत नाही. अर्ध्यावर जंगलाचा सपाट पट्टा लागतो, त्याला पदर म्हणतात. दख्खनचा काळा दगड लाव्हाच्या थरांनी बनला आहे, दोन थरांमध्ये असे टप्पे राहून जातात. तांडा थांबायचा तो पदरात. दांड, मग पदर, मग शेवटच्या कड्यात एखादी छोटी नाळ आणि तिच्यात खोदलेल्या पायऱ्या, असा क्रम दिसला की ती भाराची वाट. नुसती नाळ असेल तर गावकऱ्यांची, सोयरिकीची आणि पळून जाण्याची वाट.

पाणी हा याहून पक्का पुरावा. सह्याद्रीत पावसाळ्यात पाणी कुठंही मिळतं, पण तेव्हा घाट बंद असतात. माथ्यावर पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, खालचे ओढे ओलांडता येत नाहीत. चालायचे दिवस दिवाळीपासून मे महिन्यापर्यंतचे. त्यातले शेवटचे दोन-अडीच महिने माथा कोरडा ठणठणीत असतो. म्हणून ज्या वाटेच्या तोंडाशी कातळात खोदलेलं टाकं आहे आणि त्यात मार्चच्या शेवटीही पाणी असतं, ती वाट कोणीतरी पैसा आणि मेहनत घालून पूर्ण हंगामभर चालू ठेवली होती, असं मी मानतो. एका वाटेच्या डोक्यावर मी अशा टाक्याच्या काठावर बराच वेळ बसलो होतो. काठाच्या कातळात एका बाजूला बोटभर खोल चरे पडले होते, सात-आठ, जवळजवळ. पाणी शेंदताना दोर घासून पडलेले. त्या चऱ्यांवर बोट फिरवलं तेव्हा आत काचेसारखा गुळगुळीतपणा जाणवला. दुसऱ्या बाजूला, जिथून चढायला सोपं होतं, तिथं एकही चरा नव्हता. सगळे दोर एकाच बाजूनं पडत होते, कारण जनावरं त्या बाजूला उभी असायची. चढून आलेला तांडा कुठं थांबायचा, हे मला त्या दगडानं दाखवलं. मग त्या बाजूला खाली बघितलं तर झुडपात बुजलेली रुंद वाट सापडली. तोपर्यंत मी चुकीच्या वाटेची नोंद करत होतो.

किल्ल्यांच्या बाबतीत एक सावधगिरी. ‘अमुक किल्ल्याखालची वाट’ असं म्हटलं की लोकांना पुरावा मिळाल्यासारखं वाटतं. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे नाणेघाटाच्या परिसरातले राखणदार आहेत हे खरं. पण राखण करायला आधी वाट लागते. किल्ला वाटेचं महत्त्व सांगतो, वय सांगत नाही.

वाटेनं कोण जायचं, हा यातला सगळ्यात जिवंत भाग आहे आणि दुर्दैवानं सगळ्यात कमी नोंदला गेलेला. वर मीठ आणि सुकी मासळी जायची, खाली धान्य, गूळ, मिरची यायची. वंजारी आणि लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर हा माल वाहायचे. पण माझ्या मते वसाहतीच्या दृष्टीनं त्यांच्याहून महत्त्वाचे धनगर. फलटण, माण, बारामतीकडचा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. तिथलं गवत हिवाळ्यात संपतं. मग मेंढरं घेऊन धनगर घाट उतरतात. कोकणात भाताची कापणी झालेली असते, शेतं मोकळी असतात, आणि शेतकऱ्याला खत हवं असतं. तो रानात मेंढरं बसवून घेतो, बदल्यात धान्य देतो. पावसाआधी कळप पुन्हा वर जातात, कारण कोकणातला पाऊस मेंढराला सोसत नाही. हा व्यवहार आजही काही प्रमाणात चालू आहे. त्यात मला सगळ्यात जुन्या स्थलांतराचा सांगाडा दिसतो: दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज आहे, वाट ठरलेली आहे, मुक्काम ठरलेले आहेत, कोणाच्या शेतात बसायचं हेही ठरलेलं आहे. अशा ओळखीतून एखाद्या दुष्काळात पोरगा खाली ठेवला जातो, मग त्याला भाताचं खाचर मिळतं, मग घर. माथ्यावरच म्हशी घेऊन राहिलेले गवळी धनगर वेगळे. त्यांचे वाडे अजून कड्याच्या काठावर आहेत आणि वाट विचारायची असेल तर मी आधी त्यांच्याकडे जातो.

इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी हेच पायी फिरून दाखवलं. पुण्याच्या आसपासच्या डोंगरांत गुराख्यांच्या जुन्या वाटांवर त्यांना सूक्ष्म दगडी हत्यारं सापडली. या वाटा जिथं मिळतात तिथं बिनमूर्तीच्या, शेंदूर लावलेल्या देवी आहेत आणि त्यांच्याच जवळ नंतर बौद्ध लेणी कोरली गेली, असं त्यांनी मांडलं. सगळ्या ठिकाणी ते लागू होतं असं मी म्हणणार नाही. पण कार्ल्याला जाऊन बघा. चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी एकवीरेचं देऊळ आहे. ती कुलदेवी कोणाची? किनाऱ्यावरच्या कोळ्यांची आणि आगऱ्यांची. चैत्रात समुद्रकाठची माणसं पालख्या घेऊन घाट चढतात. बोरघाटाची याहून जुनी आठवण कोणत्या कागदात मिळेल?

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. कुलदैवत हा वाटेचा धागा आहे, पण तो ओढताना जपावं लागतं. कोकणस्थांच्या अनेक घराण्यांची कुलदेवी अंबाजोगाईची योगेश्वरी आहे, म्हणजे किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, मराठवाड्यात. यावरून त्या घराण्यांचा अंबाजोगाईशी जुना संबंध असावा असं म्हणता येतं. ते तिथूनच आले असं सिद्ध होत नाही. भक्ती पसरते, राजाश्रय बदलतो, सोयरिकीतून देव येतो. खंडोबाचं तर राज्यच मोठं आहे. जेजुरी एवढ्यावरून मी तुम्हाला घाट सांगणार नाही.

माझा भर असतो लहान देवांवर. तुमच्याकडे लग्नानंतर जागरण घालतात का? घालत असाल तर वाघ्या-मुरळी एकेका देवाला आवतण देतात, अमुक ठिकाणच्या देवा जागरणाला ये. जेजुरी, पाली, तुळजापूर, कोल्हापूर ही मोठी नावं सगळ्यांकडे येतात. त्यांच्यामध्ये घरातला म्हातारा माणूस हटकून एखादं नाव घालायला सांगतो, ज्याचा अर्थ तरुणांना माहीत नसतो. सावित्रीच्या खोऱ्यातल्या एका घरी मी असं जागरण रात्रभर ऐकलं. पहाटेच्या सुमाराला म्हाताऱ्या आजी मध्येच उठून म्हणाल्या, ‘अरं, डोंगरावरल्या बाबाचं राहिलं.’ कुठला डोंगर, ते घरात कोणाला सांगता येईना. सासूनं सांगितलं होतं म्हणून त्या सांगत होत्या. पुढच्या वर्षी वरंध्याच्या बाजूला माथ्यावरच्या एका वाडीत मी त्याच नावाचा देव पाहिला, टाक्यापासून हाकेच्या अंतरावर. गुरवाला विचारलं, तर म्हणाला, खालची माणसं पूर्वी नारळ घेऊन यायची, आता येत नाहीत. त्या घराण्याची वाट मला तिथं सापडली. जेजुरीनं ती कधीच दाखवली नसती.

तुमच्यासाठी दोन शक्यता आहेत. पहिली कुंभार्लीची. कुंभार्ली एवढा महत्त्वाचा का, हे नकाशावर नीट बघा. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि इतर नद्यांसारखी पूर्वेला न जाता माथ्याला समांतर दक्षिणेला वाहते. त्यामुळे साताऱ्याकडून सरळ पश्चिमेला निघालेल्या माणसाला दोन डोंगर ओलांडावे लागतात, आधी कोयनेच्या अलीकडचा, मग खरा माथा. हेळवाकला कोयना पूर्वेला वळते आणि पाटणवरून कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे कराडहून नदीकाठानं थेट शेवटच्या उताराच्या तोंडाशी पोचता येतं, मध्ये दुसरा डोंगर नाही. खाली उतरलं की वाशिष्ठीचं खोरं, चिपळूण, आणि पुढे दाभोळचं बंदर. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात लेणी आहेत ती उगाच नाहीत. दुसरी शक्यता अशी की तुमची माणसं नीरेच्या खोऱ्यातून भोर, वरंधा करत महाडला उतरली आणि एक-दोन पिढ्या कोकणातल्या कोकणात दक्षिणेला सरकली. जेजुरी नीरेजवळ आहे, म्हणून ही शक्यता मी सोडणार नाही.

दोन्हींमधलं खरं कोणतं हे ठरवायला तीन गोष्टी करा. घरातल्या बायकांची माहेरं मागे मागे लिहून काढा, जितक्या पिढ्या आठवतील तितक्या. पुरुषांचं गाव स्थिर असतं, सोयरिकी मात्र आलेल्या दिशेनं वळतात. माहेरं खेड, पोलादपूर, महाड अशी उत्तरेला जात असतील तर वरंधा; पाटण, कराडकडे चढत असतील तर कुंभार्ली. मग नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या बघा. यात्रेला आलेल्या पूर्वजानं स्वतःच्या हातानं मूळ गाव लिहिलेलं असू शकतं. जमीन-वतनाचा वाद कधी झाला असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागद मिळण्याची शक्यता आहे, पण मोडी वाचणारा माणूस सोबत हवा. या कागदांची मजल सहसा तीन-चारशे वर्षांपलीकडे जात नाही. आणि उलटा प्रवासही ध्यानात ठेवा. १७१३ मध्ये श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि त्यानंतर कोकणातली कितीतरी घराणी वर गेली. त्यातली काही परत उतरली. ‘आम्ही घाटावरून आलो’ या वाक्यातला घाट कधीकधी एवढाच जवळचा असतो.

आजच्या रस्त्यांवर भिस्त ठेवू नका. बोरघाटात १८३० मध्ये गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे आली, दोन वर्षांनी थळघाटात, म्हणजे कसाऱ्याच्या घाटात. चाकाला जो चढ झेपतो तो या दोन घाटांना मिळाला आणि बैलाच्या पाठीवर चालणारा नाणेघाट ओस पडला. कुंभार्लीतही आजची वळणं गाडीची आहेत. जुनी वाट त्यांना ठिकठिकाणी छेदून सरळ उतरते.

तुमच्या भागात आणखी एक अडचण आहे. कोयना धरणाचं पाणी हेळवाकच्या वरून थेट बामणोली-तापोळ्यापर्यंत पसरलेलं आहे. कुंभार्लीच्या उत्तरेच्या ज्या लहान वाटा खेड-चिपळूणकडे उतरतात, त्यांची वरची गावं त्या पाण्याखाली आहेत. वासोटा किल्ला आणि नागेश्वरकडून खालच्या चोरवणे गावाला उतरणारी वाट मी चाललो आहे. खालचा भाग अजून चांगला आहे, वर मात्र ती जंगलातून येऊन जलाशयाच्या काठाशी थांबते. त्या गावांतल्या काही कुटुंबांचं पुनर्वसन घाटाखालच्या जिल्ह्यांत झालं. त्यांच्यातली ऐंशी-पंच्याऐंशीची माणसं आज तुमच्यापासून फार लांब नसतील. त्यांना कोणत्या वाटेनं खाली बाजाराला जायचे आणि वाटेत कोणत्या देवाला नारळ ठेवायचे, एवढं विचारा. हे या उन्हाळ्यातच करा, कागद नंतर बघता येतील.